सहाशे सहासष्ट माणसांचा स्वयंपाक

८ मार्च, रविवार. सावरबोडी

ही डायरी धर्मेंद्रच्या कंपनीची आहे. तो नागपूरच्या मिहानमध्ये विमानांच्या दुरुस्तीत आहे, म्हणून दर पानाच्या कोपऱ्यात एक छोटं विमान छापलंय. साखरपुड्याला अंगठीसोबत ऑफिसची डायरी देणाऱ्या माणसाशी लग्न करावं का, याचा विचार करायला हवा. मी केला, अर्ध्या मिनिटात झाला. आता एकोणपन्नास दिवस उरले!

आज बाबांनी अंगणात खाटेवर बसून जाहीर केलं, की लग्न नागपूरच्या कुठल्या लॉनवर नाही, इथेच गावात होणार, आणि सगळ्या गावाला चूलबंद आवतन. (धर्मेंद्र ही वही चोरून वाचणारच, तर त्याच्यासाठी: चूलबंद म्हणजे त्या दिवशी गावात कुणी आपल्या घरी चूल पेटवायची नाही, गॅससुद्धा. आजोबापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळे आमच्या मांडवात जेवणार. चूलबंद असताना ज्यानं घरी स्वयंपाक केला त्यानं यजमानाच्या तोंडावर म्हटलं, की तुझं अन्न पुरायचं नाही.)

आई म्हणाली, "अवो, पन किती मानसं होतीन?"

"गाव जेवढं असन तेवढं."

"गाव केवढं आहे?"

सरपंच एक आकडा सांगतात, ग्रामसेवक दुसरा. शेवटची जनगणना २०११ची, तिलाही पंधरा वर्षं झाली. मग मीच मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "मी काढून देते." दहावीच्या क्लासला गणित शिकवणारी मुलगी घरात आहे आणि घरचेच लोक अंदाज बांधत बसले आहेत, हे काही बरं नव्हतं.

बाबा हसले, पण लगेच गंभीर झाले. म्हणाले, "पाहाय भूमी, माह्या मांडवातून एक मानूस उपाशी गेला ना, तर मी गावात तोंड दाखवनार नाही." ते असं का म्हणतात ते मला माहीत आहे. मी जन्मले तेव्हा आई एकवीस दिवस नागपूरला दवाखान्यात होती. घरी चूल पेटत नव्हती. एकवीस दिवस गावातल्या घरांनी पाळी लावून बाबांना जेवू घातलं, आणि दवाखान्यात डबाही पाठवला. तीस वर्षं ते एका दिवसाची वाट पाहत होते, की या सगळ्या चुलींना एकदा सुट्टी द्यायची.

१० मार्च, मंगळवार. नागपूर

दहावीची मुलं बोर्डाच्या परीक्षेत अडकलीत, म्हणून क्लासचा पांढरा फळा सगळा माझा होता. पाच जनगणनांचे आकडे शोधून मांडले.

१९७१ : ७३८
१९८१ : ८५३
१९९१ : ८९१
२००१ : ९०२
२०११ : ८४५

ठिपके टाकले आणि मागे सरकून पाहिलं, तर अगं बाई! चढतात, सपाट होतात, उतरायला लागतात. वर्गसमीकरणच! दहा वर्षं मी मुलांना पॅराबोला शिकवतेय, पुस्तकात त्याला अन्वस्त म्हणतात, आणि दहा वर्षं मुलं विचारतात, "मॅडम, याचा उपयोग काय?" आणि तो इथे, कुही तालुक्यात, आमच्या गावात बसला होता!

१९९१ ला शून्य धरलं, दहा वर्षांची एक पायरी. रेघ अशी आली:

लोकसंख्या = ८९८.८ + २६.३क्ष − २६.५क्ष²

पाचही ठिपक्यांपासून ही रेघ आठ माणसांपेक्षा जास्त कुठेच चुकत नाही. आठ माणसं म्हणजे आमच्या शेजारच्या सिंधूताईंचं एक घर. मी फळ्यापुढे एकटीच नाचले. शिपाईकाका दारातून बघून परत गेले.

आता २०२६ म्हणजे क्ष बरोबर साडेतीन. उत्तर: सहाशे सहासष्ट.

११ मार्च, बुधवार

झोप कसली येते! रेघेचं शिखर कुठे येतं ते आज काढलं. १९९५ संपून १९९६ लागतं तिथे. माझा जन्म जानेवारी ९६चा. म्हणजे मी आले तेव्हा गाव अगदी टोकावर होतं, आणि मी आल्याबरोबर उतरणीला लागलं. धर्मेंद्रला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "तुझा पायगुण आहे, माझं काय होते आता?"

मग म्हणाला, "पण भूमिका, पाचच ठिपके आहेत. रेघ ठिपक्यांच्या मधलं सांगते. त्यांच्या पुढचं तिला काय माहीत?"

मी म्हटलं, विमानाचे नट आवळणाऱ्यांनी गणितात बोलू नये. हसला. हसतो फार छान, हे इथे लिहून ठेवते म्हणजे तो वाचेल.

आणखी एक गंमत. रेघ तशीच खाली ओढली तर २०५४ मध्ये गावात शून्य माणूस, आणि त्यानंतर उणे माणसं! तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची असेन.

२२ मार्च, रविवार. सावरबोडी

आज सभा भरली. खाटेवर बाबा, खाली चटईवर नत्थू आचारी, आणि मी हातात आलेखाचा कागद घेऊन. नत्थूकाकांनी आसपासच्या वीस गावांत लग्नाचे स्वयंपाक केलेत. त्यांची पद्धत अशी, की ते गावातून एक चक्कर मारतात, पाच-सहा म्हाताऱ्यांशी बोलतात आणि आकडा सांगतात.

"पंधराशे," नत्थूकाका म्हणाले.

मला हसूच आवरेना. पंधराशे! या गावात कधीच हजारसुद्धा माणूस नव्हता! मी कागद पसरला. गाव सहाशे सहासष्ट, वऱ्हाड दीडशे, बाहेरचे नातेवाईक एकशेवीस. नऊशे छत्तीस झाले. वर चौसष्ट मी माझ्या मोठ्या मनानं जोडले. हजार.

नत्थूकाकांनी कागद उलटा करून पाहिला, मग सुलटा. "बाई, हे डोंगर कायचं काढलं तुमी?"

"गाव आहे काका. इथून चढलं, इथून उतरलं, आणि इथे २०५४ मध्ये संपलं. पुढे उणे माणसं."

"उणे मानूस म्हंजे कसा असते? जेवाले येते का वाढाले येते?"

सगळे खो खो हसले, मीही. फक्त बाबा हसले नाहीत. त्यांनी २०५४वर बोट ठेवलं होतं. "तवा मी नसन ते ठीक आहे. पन गाव काहून नाही राहनार वं?"

मी म्हटलं, बाबा, ते नुसतं गणित आहे. मग त्यांनी कागदाची घडी घालून मला परत दिली. शेवटी नत्थूकाकांना म्हणाले, "हजाराचाच कर. माह्या पोरीनं काढलं आहे."

नत्थूकाकांनी हात जोडले. "तुमचं अन्न, तुमचा आकडा. मी तं पंधराशेच म्हनून राहिलो."

बाबांनी सगळ्यांसमोर माझा आकडा घेतला! मला दहावीत गणितात शंभर मिळाले तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता. परत येताना बसमध्ये मी अख्खा वेळ खिडकीकडे तोंड करून हसत होते.

४ एप्रिल, शनिवार. नागपूर

गांधीबागेत शालूची खरेदी. दुकानात गठ्ठे उलगडून दाखवणारा माणूस एकदम थांबला. "तुमी रुपरावकाकाची भूमिका ना? मी गोलू! धोंडबाचा!" धोंडबा म्हणजे गावातले आवतन देणारे. गोलू नऊ वर्षांपासून इथेच दुकानात आहे, बायको, दोन पोरं, मागच्याच गल्लीत खोली. त्यानं तारीख विचारली. मी सव्वीस एप्रिल सांगितली, तर त्यानं मालकाला तिथूनच ओरडून सांगितलं, "सेठ, सव्वीसले मी नाही हं!" फार गोड वाटलं. शालूचा भावही कमी करून दिला. मोरपंखी घेतला.

वाटेत वाटलं, बरं झालं गोलू नागपूरकरांत मोजला जातो, नाहीतर आपल्या रेघेत त्याच्या घरची चार माणसं वाढली असती.

९ एप्रिल, गुरुवार

योगायोग किती असावेत! पार्लरवाली माया, तिची आई सावरबोडीची निघाली. धर्मेंद्रच्या कंपनीच्या गेटवरचा विक्की गार्ड, तोही आमच्याच गावचा. त्यानं धर्मेंद्रला आज कडक सॅल्यूट ठोकला आणि म्हणाला, "जवाईबापू, सव्वीसले भेटू." गावाच्या व्हॉट्सॲप गटावर बाबांनी पत्रिका टाकली, त्यावर दोनशे चौदा अंगठे आलेत. किती प्रेम करतात लोक!

बाबा आजकाल सारखे फोनवर असतात. केव्हाही लावा, लाइन व्यस्त. लग्नघरात बायकांचीच धावपळ, कंटाळा येत असेल बिचाऱ्यांना.

१९ एप्रिल, रविवार. सावरबोडी

आज धोंडबाकाकांनी आवतन फिरवलं. मीही मागे मागे गेले. नवरीनं असं हिंडू नये म्हणे, पण मला घरं मोजायची होती. दर दारात हळदीच्या अक्षता टाकायच्या आणि मोठ्यानं म्हणायचं, "रुपरावच्या घरी रविवारी चूलबंद होऽऽ!"

गंमत म्हणजे बाबांनी त्यांना बजावलं होतं, कुलूप लागलेली घरंसुद्धा सोडायची नाहीत. धोंडबाकाका बंद दारापुढे उभे राहून तेवढ्याच मोठ्यानं ओरडत होते आणि कुलपाच्या कडीत चार अक्षता खोचत होते. एकसष्ट कुलपं! मी म्हटलं, "काका, आत कोणी नाही ना."

"आत नाही तं काय झालं? घर तं आहे. याच घरातून तुह्या बापाले भाकर गेली होती."

मला भरून आलं. जुन्या माणसांचं सगळंच वेगळं. सोबत आलेले बाबा एकेका कुलपाचा फोटो काढून ज्याचं त्याला पाठवत होते. पण गणिताच्या बाजूनं पाहिलं तर एकसष्ट बंद घरं म्हणजे माझी रेघ बरोबर आहे याचा पुरावाच. गाव रिकामं होतंय. सहाशे सहासष्टसुद्धा थोडे जास्तच धरले असतील.

२३ एप्रिल, गुरुवार

सकाळपासून बांगड्यांचा डबा तीनदा भरला, तीनदा ओतला. लग्नाची धास्ती असेल. की आकड्याची? समजा पन्नास माणसं वाढली, तर चौसष्ट आहेतच जास्तीची. पुन्हा सगळं सोडवून पाहिलं, तेच उत्तर आलं. गणित बरोबर आहे. मग धास्ती लग्नाचीच.

२५ एप्रिल, शनिवार. सावरबोडी

हळद झाली, मी डोक्यापासून पायापर्यंत पिवळी. वहीच्या पानावर अंगठा उमटलाय, विमानही पिवळं झालं. दुपारपासून गावात फार गाड्या येताहेत. आमचे नातेवाईक असतील. एवढे?

२८ एप्रिल, मंगळवार. उमरेड, सासर

आता लिहिते. नीट लिहिते, कारण हे विसरायचं नाही.

साडेअकराला अक्षता पडल्या. मी मान वर केली तर मांडव दिसेना, माणसंच दिसत होती. मांडवाच्या बाहेर, पारावर, शाळेच्या व्हरांड्यात, टाकीच्या पायऱ्यांवर. गोलू बायकापोरांसकट. माया, तिची आई, तिच्या तीन मावश्या. विक्की गार्ड, त्याच्यासोबत मिहानमधल्या गावच्या पोरांची अख्खी मिनीबस. पुण्याहून आलेले, रायपूरहून आलेले, मी आयुष्यात न पाहिलेली पोरं "आमचं घर कोणतं?" असं विचारत हिंडत होती. एकसष्ट कुलपं निघाली होती. एकसष्ट!

बाबा फोनवर कंटाळा घालवत नव्हते. एकेकाला सांगत होते, "तुह्या दाराले आवतन लागलं आहे." आणि मी, गणितवाली, सगळं पाहून, सगळं या वहीत लिहूनसुद्धा ते मोजलं नव्हतं. चूलबंद आवतन चुलीला असतं. ती चूल पेटवणारी माणसं कुठे राहतात याच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. हे गावातल्या शेंबड्या पोराला कळतं. मला तेवढं कळलं नव्हतं.

पहिली पंगत उठली, दुसरी उठली. तिसरी अर्ध्यात असताना नत्थूकाका बाबांजवळ आले आणि कानात बोलले. बाबांचा चेहरा उतरला. भात संपत आला होता. आलू-वांग्याच्या भाजीच्या गंजाचा, त्या मोठ्या पातेल्याचा, तळ खरवडला जात होता. बाहेर अजून पाचशे माणसं उभी होती. आईनं पदर तोंडाला लावला. मी बोहल्याजवळ मोरपंखी शालूत उभी होते आणि मला वाटलं, धरणी फाटावी. बाबांनी तीस वर्षं वाट पाहिली आणि मी त्यांना एका कागदावर बुडवलं.

मी त्यांच्याकडे गेले. "बाबा, माझी चूक झाली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते मांडवाचा खांब धरून नुसते उभे होते.

मग पंगतीतून सिंधूताई उठल्या. अर्ध्या जेवणातून उठल्या, हातावर पाणी घेतलं आणि सगळ्यांच्या देखत बाबांपुढे येऊन उभ्या राहिल्या. "भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या, "चूल पेटवू का?"

विचारणं भागच होतं. बाबांनी हो म्हटल्याशिवाय त्या दिवशी गावात कोणी काडी ओढली नसती, आणि हो म्हणणं म्हणजे स्वतःच्या तोंडानं सांगणं, की माझं अन्न सरलं. बाबांनी हातातला खांब सोडला. मी धर्मेंद्रचा हात इतका दाबला की त्याच्या बोटावर अजून वळ आहे.

"पेटवा," बाबा म्हणाले. मग मोठ्यानं, धोंडबाकाकांच्या वरताण, "पेटवा होऽऽ! सगळ्या चुली पेटवा!"

बायका धावल्याच! आणि दहा मिनिटांत सावरबोडीत कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या. या गल्लीतून एक, त्या गल्लीतून दोन, मग कोणती कुठली कळेना. अख्खं गाव शिट्ट्या मारत होतं! बँडवाल्यांनी आपला बँड थांबवला. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. माझ्या काजळाचा सत्यानाश झाला, माया मागून रुमाल घेऊन धावत होती.

घराघरांतून भाताची पातेली निघाली, वरण, चटण्या, लोणच्याच्या बरण्या, कोणाकडची कालची बुंदी. कुलूप नुकतंच उघडलेल्या घरांत काही नव्हतं, तर ते लोक कमरेला रुमाल बांधून वाढायला लागले. गोलू भात वाढत होता. विक्की गार्ड मठ्ठ्याची बादली घेऊन पळत होता. नत्थूकाका गंजावर झारा आपटून मला ओरडून म्हणाले, "बाई, तुमचे उणे मानसं आले पाहा! वाढाले आले!"

एकही माणूस उपाशी गेला नाही. पत्रावळ्यासुद्धा कमी पडल्या नाहीत. मी नत्थूकाकांना विचारलं, कशा? ते म्हणाले, "स्वयंपाक तुमच्या हिशोबानं केला. पत्रावळ्या माह्या हिशोबानं आनल्या."

२ मे, शनिवार. सावरबोडी

परतणीला माहेरी आलो. कुलपं पुन्हा लागली आहेत. कडीतल्या अक्षता काही ठिकाणी तशाच आहेत. मला वाटलं होतं बाबा खचले असतील, तर ते खाटेवर पाय पसरून बसले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला शिट्ट्यांची गोष्ट सांगत होते. आज चौथ्यांदा सांगितली म्हणे, आई वैतागली आहे.

मी पुन्हा माफी मागायला लागले. त्यांनी थांबवलं.

"फेडाले गेलो होतो वं मी. गावानं पुन्हा मलेच जेवू घातलं. आता आनखी किती वर्षं जगू सांग?" आणि हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले, आणि मीही पुसले.

मग म्हणाले, "तुह्या त्या डोंगराचा कागद कुठे आहे?"

नत्थूकाकांनी उष्ट्या पत्रावळ्या मोजल्या होत्या, ते नेहमीच मोजतात. चौदाशे ब्याऐंशी. त्यातून वऱ्हाड आणि नातेवाईक दोनशे सत्तर वजा केले. सावरबोडीची माणसं बाराशे बारा. अंगणात न मावलेल्या सत्तेचाळीस गाड्या वेगळ्याच.

धर्मेंद्रनं कागद पाहिला. "बाबा, हा ठिपका रेघेपासून फार दूर पडते. असा एखादाच ठिपका असला तर गणितवाले तो सोडून देतात."

"कोन सोडते? नाव सांग त्याचं," बाबा म्हणाले.

पण अडचण खरीच होती. माझा कागद हजारावर संपत होता. बाराशे बाराला जागाच नव्हती. आईनं पोळ्या लाटता लाटता कणकेची खळ करून दिली, आम्ही वर आणखी एक कागद चिकटवला आणि तो वाळेपर्यंत सगळे त्याच्याभोवती बसून राहिलो. मग बाबांनी माझ्या हातातून पेन घेतलं, चष्मा चढवला, मला दोनदा विचारून जागा पक्की केली आणि तिथे हरभऱ्याएवढा ठिपका काढला.